घरवाडी : शहर सोडून जमिनीवर राहायला जाणाऱ्यांसाठी माहिती



गेल्या गणेशोत्सवाच्या सुमारास आम्ही चौघे तीन आठवड्यांसाठी न्यू जर्सीला आलो होतो. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत निदान दहा-बारा जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "खरं सांग, जमतं का?" कुणाची सांगलीकडे वडिलोपार्जित जमीन आहे, कुणाला कर्जतला प्लॉट घ्यायचाय, कुणी नुसतेच यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ बघून अस्वस्थ झालेले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून काढावं असं ठरवलं. मंडळाच्या संपादकांनी जागा दिली याबद्दल आभार.

आमची ओळख थोडक्यात. मी आणि नवरा दोघेही पुण्यातले इंजिनिअर, अमेरिकेत अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. जून २०२२ मध्ये दोन मुलांना घेऊन दापोली तालुक्यातल्या माझ्या वडिलांच्या गावी राहायला आलो. तेव्हा मुलगी ८ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा होता. मी शेतीतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. जे शिकलो, जिथे चुकलो, ते लिहिते आहे. कायद्याच्या बाबतीत शेवटचा सल्ला वकिलाचा आणि सीएचाच घ्यावा.

१. घरवाडी म्हणजे काय?

अमेरिकेत याला होमस्टेड म्हणतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिथे १६० एकर सरकारी जमिनीवर घर बांधून ती पाच वर्षं कसणाऱ्याला मालकी मिळत असे. आज त्या शब्दाचा अर्थ बदललाय : थोडी जमीन, त्यावर घर, आणि घराला लागणाऱ्या गोष्टींपैकी जमेल तेवढ्या स्वतः पिकवणं. स्कॉट आणि हेलन निअरिंग हे जोडपं १९३२ साली न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटला गेलं. त्यांनी १९५४ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे अनेकांनी तो रस्ता धरला. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. त्यांनीसुद्धा रोख पैशासाठी मेपलचा पाक विकला. शंभर टक्के स्वयंपूर्ण असं कुणीच नसतं.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. दिलीप कुलकर्णी हे इंजिनिअर, नोकरी सोडून दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावी साधेपणाने राहायला आले आणि तिथूनच 'गतिमान संतुलन' हे मासिक चालवलं. व्यंकट अय्यर आयबीएममधली नोकरी सोडून डहाणूजवळच्या पेठ गावी साडेचार एकरांवर शेती करू लागले. त्यांचं पुस्तक २०१८ साली आलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोषण कसं होऊ शकेल याचं गणित मांडलं. ज्यांना जायचंय त्यांनी आधी ही माणसं काय म्हणतात ते वाचावं.

कोकणात या सगळ्याला नवीन शब्द शोधायची गरज नाही. घराभोवती नारळ, सुपारी, केळी, मागे विहीर, थोडं भात, एक-दोन गुरं. आमच्या आजीची घरवाडी म्हणजे हेच होतं.

२. जमीन कोण घेऊ शकतो?

इथे बहुतेकांचा पहिला धक्का बसतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

(अ) महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ हे सांगतं. मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भासाठी १९५८ चा कायदा आहे, पण अर्थ तोच. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. व्यवहारात शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे कुठल्यातरी सातबारावर तुमचं नाव. "शेतकरी दाखला करून देतो" म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. (शेजारच्या कर्नाटकाने ही अट २०२० साली काढून टाकली.)

(ब) परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा ओसीआय कार्डधारक, दोघांनाही फेमा कायद्याखाली शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वडील हयात असताना बक्षीसपत्राने देतो म्हणाले, तरी शेतजमीन तशी घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येते. आणि अशी आलेली शेतजमीन विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

(क) कायमचं राहायला परत आलात की फेमाच्या दृष्टीने तुमचा दर्जा बदलतो. मग बँकेची एनआरई खातीही बदलून घ्यावी लागतात. परदेशात असताना कमावलेली तिथली गुंतवणूक तशीच ठेवता येते. तुम्ही परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, तर परत आल्यावरही शेतजमिनीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. आधी लेखी सल्ला घ्या, मग इसार द्या.

थोडक्यात, परदेशस्थ मराठी माणसाकडे शेतीत शिरायचं एकच सरळ दार आहे, आणि ते म्हणजे वारसा. म्हणूनच पुढचा मुद्दा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

३. हक्कसोड पत्रावर सही करण्यापूर्वी

हे विशेषतः मंडळातल्या भगिनींसाठी.

माझे वडील २०१७ साली गेले. गावची जमीन आजोबांची. सातबारावर नाव फक्त मोठ्या काकांचं, पुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडिलांचं नाव कुठेच दिसत नव्हतं, त्यामुळे मला वाटायचं की आपला तिथे काही संबंध नाही. २०१८ च्या डिसेंबरात सुट्टीवर आले होते. चुलतभाऊ कागद घेऊन पुण्याला आला. "फॉर्मॅलिटी आहे ताई, कर्जासाठी बँकेला लागतं, उद्या रजिस्ट्रारकडे दहा मिनिटं ये." दोन दिवसांनी विमान होतं. भावाशी वाद कशाला, आपण काय शेती करणार आहोत, असं म्हणून मी तयारही झाले.

आईने चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "तू ऑफिसात न वाचता सही करतेस का गं?"

वाचलं. ते हक्कसोड पत्र होतं. मोबदला शून्य. मी सही केली नाही. त्यानंतर तीन वर्षं काकांच्या घरातून आम्हाला कुणी फोन केला नाही. गावातल्या गणपतीला आईला बोलावणं आलं नाही. ही किंमत लहान नव्हती, आणि कायद्याच्या पुस्तकात ती लिहिलेली नसते.

कायदा काय सांगतो ते लक्षात ठेवा. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असायला हवेत का यावर बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये 'तशी गरज नाही' असा निकाल दिला. लग्न झालं, परदेशात गेलात, म्हणून हक्क जात नाही. जातो तो तुमच्या सहीने.

आणि मी ती सही केली असती, तर फक्त तीन एकर गेले नसते. शेतकरी म्हणून असलेली ओळखच गेली असती, आणि पुढे महाराष्ट्रात कुठेही एक गुंठा शेतजमीन घेता आली नसती.

याचा अर्थ प्रत्येकीने भांडावं असं मी म्हणत नाही. गावात राहून ज्याने चाळीस वर्षं जमीन राखली, फाळा भरला, म्हातारीचं केलं, त्याचाही काही हक्क असतो. कुणाला विचारपूर्वक हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडावा. पण वाचून, समजून, विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे.

आमचं शेवटी २०२१ साली तहसीलदारांपुढे सहमतीने वाटप झालं. घर, मोठी विहीर आणि खालची सुपारीची बाग काकांकडे. मला ३ एकर १० गुंठे : बरीचशी उताराची, वर कातळ, खाली अर्धा एकर भाताचा मळा. लोक म्हणाले फसलीस. मला तसं वाटत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात काकांच्या दीडशे सुपाऱ्या एका दुपारी झोपल्या होत्या. नवीन सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. त्यांनाही श्वास घ्यायला जागा हवी होती.

४. सातबारा कसा वाचावा?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये मालकी, बारामध्ये पिकं. आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, डिजिटल सहीचा उताराही निघतो. पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

* भोगवटादार वर्ग : वर्ग १ म्हणजे साधारणपणे विक्रीला मोकळी. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर नाही.
* इतर हक्क : कुळाचं नाव, बँक किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, सगळं इथे असतं. हा रकाना रिकामा दिसला तरी जुने फेरफार (नमुना ६) मागे जाऊन बघा.
* ८अ : त्या गावात एका खातेदाराची एकूण किती जमीन आहे ते यात कळतं.
* आदिवासी खातेदार : महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ खाली अशा जमिनीच्या हस्तांतरावर कडक बंधनं आहेत. ठाणे-पालघर-रायगडकडे बघणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं.
* खाजगी वने : १९७५ च्या कायद्याखाली कोकणातल्या अनेक जमिनींवर 'वन' असा शेरा आहे. तिथे घर बांधायचा विचार सोडा.
* तुकडेबंदी : १९४७ च्या कायद्यानुसार ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ साली ग्रामीण भागात बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे झाली. नियमांत सवलती आणि बदल होत असतात, खरेदीच्या वेळी पुन्हा तपासा.
* रस्ता : सगळ्यात जास्त भांडणं यावर. नकाशात रस्ता आहे का ते बघा. 'शेजारी जाऊ देतो' हा रस्ता नव्हे. बांधावरून नवा रस्ता मागायचा तर कलम १४३, वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६.
* मोजणी : भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. शेजाऱ्यांना बोलवा. खुणांचे दगड त्यांच्यासमोर बसवा.

मोजमाप ध्यानात ठेवायला : १ गुंठा = १,०८९ चौरस फूट, ४० गुंठे = १ एकर, १ हेक्टर = १०० आर = सुमारे अडीच एकर.

वारस नोंदीसाठी कुटुंबातल्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं. (तलाठ्याचं कागदोपत्री नाव २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. उशीर झाला तरी नोंद होते, फक्त चपला जास्त झिजतात.

५. पाणी : आधी हिशोब, मग स्वप्न

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एक सूत्र पाठ असलं की पुष्कळ गोष्टी कळतात.

दापोलीकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौ. मीटर छपरावर म्हणजे ३ लाख लिटर. गळती, उडणं धरून २ लाख ४० हजार तरी पकडा. चार माणसांना शहरी मापाने रोज १३५ लिटर प्रत्येकी धरले तर ५४० लिटर, कोरड्या आठ महिन्यांचे १ लाख ३० हजार. म्हणजे छपरावर पडतं त्याच्या निम्म्यात घर चालतं! पण साठवणार कुठे, हा खरा प्रश्न. कोकणात पाऊस कमी नाही. जांभ्यातून ते पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं आणि एप्रिलमध्ये बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात.

आमची पहिली मोठी चूक इथेच. पहिल्याच पावसाळ्यात उत्साहाने १५० काजूची कलमं लावली. फळबाग योजना, खड्डे, शेणखत, सगळं नीट. मार्चनंतर प्रत्येक कलमाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर, म्हणजे आठवड्याला साडेचार हजार लिटर पाणी लागणार होतं. हा गुणाकार मी लावण्याआधी केला नव्हता. नवीन छोटी विहीर १५ एप्रिलला खडखडीत झाली. ६३ कलमं मेली. ऑफिसात कुणी पायलट न करता थेट प्रॉडक्शनमध्ये गेलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं.

आता २० हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी आहे, उतारावर समपातळीत चर खणलेत, आणि प्लास्टिक अंथरलेलं छोटं शेततळं आहे. घाटावर जाणाऱ्यांसाठी एक आकडा : ३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराच्या कडांचं शेततळं भरलं तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात त्यातलं बरंच वाफ होऊन जातं हे धरूनच पिकाचा हिशोब करा.

जमीन बघायला जायचं तर मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली कुठलीही जमीन सुंदर दिसते.

६. काय पिकवायचं, किती?

चौघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण ३५० किलो तांदूळ लागतो. भात भरडून सुमारे ६५ टक्के तांदूळ निघतो, म्हणजे ५४० किलो भात हवं. पारंपरिक पद्धतीने एकरी १०-१२ क्विंटल धरलं तर अर्धा एकर पुरे. आमचं दुसऱ्या वर्षी ४ क्विंटल आलं, बाकीचं रानडुकरांनी खाल्लं.

घरचं होतं ते : तांदूळ, थोडी नाचणी, कुळीथ, पावटा, पावसाळी भाज्या, केळी, अंडी, आमसुलं, आगळ. विकत येतं ते : गहू, तूरडाळ, साखर, तेल, चहा, मीठ. नारळ अजून काकांकडचे. दुधासाठी गाय घ्यायची की नाही यावर आमच्यात दोन वर्षं मतभेद आहेत. गाय म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ, लग्न असो वा ताप, सुट्टी नाही. सध्या तरी शेजारून रतीब आहे.

झाडांचा काळ ध्यानात घ्या. काजूचं कलम तीन-चार वर्षांत धरू लागतं, हापूसला हातात काही लागायला सात-आठ वर्षं. दरम्यान खायला लागतंच. जातीवंत कलमं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून घ्या. काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या नावाजलेल्या जाती. रस्त्याच्या कडेच्या नर्सरीतलं स्वस्त कलम पाच वर्षांनी महाग पडतं. इतर भागांसाठी राहुरी, अकोला आणि परभणीची विद्यापीठं आहेत. त्यांची माहितीपत्रकं मराठीत असतात आणि स्वस्त असतात.

वानर आणि डुकरं यांना आमच्याकडे आजही पक्कं उत्तर नाही. गडगा, जाळी, कुत्रा, राखण, सगळं थोडं थोडं उपयोगी पडतं. 'पीक आलं' हे कणगीत पडल्यावरच म्हणावं.

७. पैसे

सरळ सांगते : पहिल्या तीन वर्षांत आमची शेती तोट्यात होती. घर चालतं ते नवऱ्याच्या कामावर. तो आठवड्याला २० तास जुन्या कामातल्या ओळखींतून मिळालेलं सल्लागाराचं काम करतो, रात्री, कारण तिकडे दिवस असतो. फायबर आहे, पण पावसात वीज आठ-आठ तास जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलंय.

आमच्या अनुभवावरून सूत्र असं :

* पाच वर्षांचा घरखर्च बाजूला, शेतीला हात न लावता.
* घर, विहीर, कुंपण यांचा अंदाज काढा आणि त्याला दीडने गुणा. चिरा, वाळू, मजुरी आणि पावसामुळे थांबलेलं काम यांत तेवढं जातंच.
* आजारपणाचा विमा आणि चार जणांच्या परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे. त्याला हात लावायचा नाही.

अमेरिकेतला ४०१ के घाईने मोडू नका. साडेएकोणसाठच्या आधी काढल्यास कराशिवाय १० टक्के दंड सहसा बसतो. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर जगात कुठेही राहिलात तरी तिथलं रिटर्न भरावं लागतं, आणि भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली तर त्याचीही माहिती द्यावी लागते.

८. मुलं आणि शाळा

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत बसली. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचे उपकार मानावेत तेवढे थोडे. अक्षरओळख होती, म्हणून निभावलं. तरी पहिले चार महिने ती रोज रडली. शाळा वाईट होती म्हणून नाही. तिचं मराठी घरातलं होतं, आणि मैदानावरचं मराठी वेगळं असतं. बाईंनी तिला इंग्रजी कविता शिकवायचं काम दिलं, आणि मग गाडी रुळावर आली.

धाकट्याला काहीच वाटलं नाही. तो आता "मी नाय येनार" म्हणतो आणि आजीला हसू आवरत नाही.

पण पुढचा प्रश्न खरा आहे. गावातली शाळा प्राथमिकपर्यंतच, पुढे रोज एसटीने तालुक्याला. मुलीने यंदा विचारलं, "मला इथे आणताना मला विचारलं होतं का?" विचारलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला काय विचारणार, असं तेव्हा वाटलं होतं. ती दहावीला येईल तेव्हा कुठे राहायचं हे चौघे मिळून ठरवू, असा शब्द तिला दिलाय. ज्यांची मुलं दहा वर्षांपुढची आहेत त्यांनी हा मुद्दा जमिनीच्या आधी घ्यावा.

९. आरोग्य

कोकणात फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आहेत. दंश झाल्यास कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांपैकी काहीही करू नका. माणसाला शांत ठेवा, हालचाल कमी, १०८ ला फोन, आणि प्रतिसर्प लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. ती लस कुठे असते हे राहायला जाण्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्या, दंश झाल्यावर नव्हे. विंचवाचं कोकणात भय होतंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि असंख्य जीव वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करा. गमबूट घातले तर गावकरी हसतात. हसू द्यावं.

१०. परतीचा दोर

दोर कापून टाकणं शूरपणाचं वाटतं, पण मुलं असलेल्यांनी कापू नये. ग्रीनकार्डवाल्यांनी वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा अर्ज करावा. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आम्ही एच-१बीवर होतो. आय-१४० मंजूर झालेला असल्याने रांगेतली तारीख सहसा टिकते, पण नोकरी आणि व्हिसा पुन्हा शून्यातून. मुलं अमेरिकन नागरिक, त्यांची ओसीआय कार्डं आधीच काढली होती.

आणि एकदम जाऊ नका. आधी एक पूर्ण मे आणि एक पूर्ण जुलै तिथे राहून बघा. मे महिन्यात पाणी नसतं, जुलैत कपडे वाळत नाहीत. दोन्ही सोसवलं तर बाकीचे दहा महिने जमतात.

११. तर, जमतं का?

आमचं अजून ठरायचंय. काजूला यंदा पहिल्यांदा मोहर धरला. मोजून ११ किलो बी निघाली. मुलीच्या शाळेचा प्रश्न उभा आहे. नवऱ्याची रात्रपाळी किती वर्षं चालेल माहीत नाही. पण एक गोष्ट सांगते आणि थांबते.

दुसऱ्या वर्षी लावणीच्या आठ दिवस आधी डुकरांनी आमचा सगळा तरवा उखडला. पुन्हा पेरायला वेळ नव्हता. मी बांधावर बसून राहिले होते. दुपारी काकांचा गडी तरव्याच्या मुठींचा भारा घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णांनी पाठवलानीत. जास्तीचा झालाय म्हणाले." तरवा कुणाचाही कधी जास्तीचा होत नसतो. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले, आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, मळ्यात उतरले आणि माझी वाकडी ओळ उपटून सरळ लावून दाखवली. त्या वर्षीच्या गणपतीला आईला बोलावणं आलं.

जमिनीचे कागद नीट वाचा, पाण्याचा गुणाकार आधी करा, मुलांना विचारा. आणि गावाकडचे कुणी सही मागायला आले तर घाई करू नका, पण दारही लावून घेऊ नका. जमीन कसायला शेवटी तीच माणसं शेजारी असतात.

कुणाला काही विचारायचं असल्यास मंडळामार्फत जरूर कळवावे. जाणकारांनी चुका दाखवल्यास आनंदच होईल. चू. भू. द्या. घ्या.

— मंडळाची एक जुनी सभासद